तुझं कोपर आणि सँडी कोफॅक्स

डोंबिवली,
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

कोपरात परत इंजेक्शन घेऊन शनिवारी खेळणार म्हणालास, आणि मला फोनवर काही सुचलंच नाही. म्हणून लिहितोय.

तुला सँडी कोफॅक्स माहीत नसेल. बेसबॉलमधला पिचर, तुझ्यासारखाच डावरा. पिचर म्हणजे त्यांचा बॉलर, पण टप्पा नाही, रनअप नाही. साठ फूट सहा इंचांवरून कोपर झटकून थेट बॉल फेकायचा. आपल्याकडे जे केलं की अंपायर हात आडवा करेल, तेच त्यांचं काम. मार सगळा कोपरावर.

1955 साली, एकोणिसाव्या वर्षी, तो आपल्याच गावच्या ब्रुकलिन डॉजर्समध्ये आला. तेव्हाच्या नियमामुळे मोठी रक्कम देऊन घेतलेल्या पोराला खालच्या लीगमध्ये शिकायला पाठवता येत नसे. मग तो बाकावर बसून राहिला. 1960 संपलं तेव्हा पिचर म्हणून त्याच्या नावावर 36 विजय, 40 पराभव. वेग भन्नाट, पण बॉल कुठे जाईल त्याचा नेम नाही. खेळ सोडायच्या विचारात होता. 1961 च्या सराव सामन्यात कॅचर, म्हणजे त्यांचा विकेटकीपर, नॉर्म शेरी त्याला म्हणाला, इतक्या जोरात टाकू नकोस. एवढंच! त्या मोसमात 269 स्ट्राइकआउट, म्हणजे बॉल टोलवता न येताच आऊट झालेले बॅट्समन. बंड्या, सहा वर्षं तो नुसता ताकद लावत होता रे.

पुढची पाच वर्षं काय सांगू! चार नो-हिटर, म्हणजे समोरच्या संघाला एकही यशस्वी फटका मारू न दिलेल्या मॅच, त्यातला 1965 चा तर परफेक्ट गेम: सत्तावीस बॅट्समन आले, सत्तावीसही परत गेले. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजची, म्हणजे त्यांच्या अजिंक्यपदाच्या मालिकेची, पहिली मॅच योम किप्पुरच्या, ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी आली, तर हा ज्यू माणूस खेळलाच नाही. आणि सातव्या, निर्णायक मॅचला फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर उभा राहिला. कर्व्ह, म्हणजे त्याचा वळणारा बॉल, वळतच नव्हता, म्हणून जवळजवळ सगळे फास्टबॉलच टाकले. 2-0 ने जिंकून दिली. ते वाचताना मला आपल्या फायनलमधला तुझा शेवटचा स्पेल आठवला. खरंच.

पण त्याआधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोपरात संधिवात आहे. मॅचआधी अंगाची आग करणारं मिरचीचं मलम, मॅचनंतर बर्फाच्या पाण्यात हात, मध्ये कॉर्टिसोनची इंजेक्शनं, आणि घोड्यांनाही देतात ती गोळी. डावा हात सरळ होईना, तर शिंप्याकडून कोटाची डावी बाही आखूड करून घेतली. मला त्या बाहीपाशी फार थांबावंसं वाटतं. तू परवा डब्याचं झाकण उजव्या हाताने उघडलंस, मी पाहिलं. बोललो नाही, ते चुकलं माझं.

1966 मध्ये 27 विजय मिळवले, म्हणजे कारकिर्दीतले सर्वांत जास्त, आणि नोव्हेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. वय तीस. पुढे खूप आयुष्य आहे, ते धड शरीराने जगायचंय, असं कारण त्याने दिलं. 1972 मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. इतक्या लहान वयात तिथे कुणीच गेलं नव्हतं.

तुला बॉलिंग बंद कर म्हणून सांगणारा मी कोण? पण इंजेक्शन घेऊन नको रे. सोमवारी मी रजा टाकलीय. जुने एक्स-रे काढून ठेव, दहा वाजता तुझ्या दारात येतो. वहिनींना सांगू नकोस म्हणालास, पण मी सांगितलंय.

तुझा,
दिल्या