युद्धनौकांचा रिकामा भाता

महोदय,

एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनच्या नेपच्यून क्षेपणास्त्रांच्या माऱ्यानंतर रशियाची ‘मॉस्क्वा’ ही क्रूझर काळ्या समुद्रात बुडाली, तेव्हापासून मोठ्या युद्धनौकांचे दिवस भरले असे म्हणण्याची टूमच निघाली आहे. हा निष्कर्ष घाईचा वाटतो. तांबड्या समुद्रात येमेनमधील हुती बंडखोरांच्या माऱ्याने व्यापारी जहाजे बुडाली, पण अमेरिकी विनाशिकांनी आपल्यावरील हल्ले परतवले.

खरी अडचण दारूगोळ्याची आहे. अमेरिकेच्या आर्ले बर्क वर्गाच्या नव्या विनाशिकांवर क्षेपणास्त्रे डागणाऱ्या उभ्या प्रक्षेपण नळ्या ९६ असतात. त्यांतच विमानविरोधी, पाणबुडीविरोधी आणि जमिनीवर मारा करणारी अस्त्रे दाटीवाटीने बसवावी लागतात, आणि त्या रिकाम्या झाल्या की नौकेला लढाई सोडून बंदर गाठावे लागते, कारण हेलकावणाऱ्या डेकवर क्रेनला लटकणारे कित्येक मीटर लांबीचे क्षेपणास्त्र अरुंद नळीत अचूक उतरवणे महाकठीण असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकी नौदलाने भर समुद्रात तसा प्रयोग केला, तोही क्षेपणास्त्राच्या रिकाम्या डब्यावर! स्वस्त ड्रोन पाडण्यासाठी लाखो डॉलरचे क्षेपणास्त्र खर्चणे हा तर उघड आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

अमेरिकेच्याच झुमवाल्ट वर्गाच्या नियोजित ३२ विनाशिकांपैकी तीनच बांधल्या गेल्या आणि त्यांच्या तोफांचे खास गोळेही परवडेनात. असल्या दिमाखदार नौकांऐवजी साध्या तोफा, लेसर आणि समुद्रातच नळ्या भरून देणारी साहाय्यक जहाजे यांवर नौदलांनी आधी पैसा खर्च करावा.

– एक वाचक