'रॉक ऑन!!' घडवणाऱ्या सगळ्या मंडळींना, नागपूरहून

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरचा एक ड्रमर. दिवसा गांधीबागेतल्या औषधांच्या ठोक दुकानात हिशेब सांभाळतो आणि रविवारी आमचा चौघांचा बँड मराठी गाणी वाजवतो. गाणी आम्हीच लिहिलेली, चालीही आमच्याच. मोडलेला रॉक बँड वर्षांनी पुन्हा जुळवणाऱ्या चौघा मित्रांच्या तुमच्या सिनेमामुळे हा आमचा बँड उभा राहिला. तुमच्यापैकी कोणालाही ते माहीत असायचं कारण नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

तुमचा सिनेमा २९ ऑगस्ट २००८ ला लागला. त्या वर्षी पोळा दुसऱ्याच दिवशी होता. नागपुरात पोळ्यानंतर, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात. महाल-इतवारीच्या गल्ल्या माणसांनी भरतात, ढोल-ताशे आणि डफडी कान बधिर करतात आणि रोगराई, इडा-पिडा, वर्षभराचा सगळा राग 'घेऊन जा गे मारबत' म्हणत गावाबाहेर नेला जातो. मी ताल शिकलो तो तिथे. पुढे ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, म्हणजे ड्रमचे आवाज काढणारं इलेक्ट्रॉनिक पॅड, वाजवू लागलो. गणपती, नवरात्र, लग्नाचे स्वागत समारंभ. सगळे मला 'पॅडवाला' म्हणत. खरं ड्रम किट आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

आमचा गायक म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा आवाज खरबरीत, वरच्या पट्टीत गेला की फाटायचा. एका स्पर्धेत परीक्षकांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "बाबू, तू निवेदन कर, गाणं दुसऱ्याला गाऊ दे." त्यानंतर तो आमच्यासोबत यायचा, पण स्टेजवर चढायचा नाही. वायरी गुंडाळायचा, स्पीकर उचलायचा, साउंडवाल्याला मदत करायचा.

त्या परीक्षकांचा मला राग नाही. ते आमच्या गावाच्या कानानेच ऐकत होते. नागपूर तयारीच्या गाण्याचं गाव आहे. वसंतराव देशपांडे इथे शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. सिव्हिल लाइन्समधलं आमचं मोठं सभागृह त्यांच्या नावाचं आहे. ज्या स्टेजच्या कमानीवर असं नाव आहे, तिथे फाटक्या आवाजाने उभं राहायला छाती लागते. आणि आमच्या मित्राची ती छाती कोणीतरी मोडून ठेवली होती.

बर्डीच्या (सीताबर्डीच्या) थिएटरात आम्ही तुमचा सिनेमा पाहिला तेव्हा पहिलं काय ऐकू आलं असेल, तर फरहान अख्तरजींचा आवाज. घोगरा. वरच्या सुरांवर ताण स्पष्ट जाणवणारा. सिनेमात त्यांनी केलेला गायक आदित्य श्रॉफ वर्षानुवर्षं गायलेला नाही, बँकिंगच्या नोकरीत त्याने गळाच नाही तर बोलणंही आवळून ठेवलं आहे. असा माणूस पुन्हा माईकसमोर आला की त्याचा आवाज कसा येईल? तसाच येतो. एखाद्या तयार गायकाचा पार्श्वस्वर तिथे बसवला असता तर गाणं अधिक गोड झालं असतं आणि आदित्य खोटा ठरला असता.

शंकर महादेवनजी, सिनेमाचे संगीतकार म्हणून मला सर्वांत जास्त तुमचेच आभार मानायचे आहेत, एहसानजी आणि लॉयजींसह. तुम्ही श्रीनिवास खळे काकांकडे शिकलेले. 'मन उधाण वाऱ्याचे' ऐकत आम्ही मोठे झालो. पुढे २०१५ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' सिनेमात तुम्ही पंडितजी झालात. रंगभूमीवर ज्या नाटकाने वसंतरावांचे खाँसाहेब अजरामर केले, त्याच नाटकावरचा सिनेमा. तुमच्या गळ्याला काय शक्य आहे हे आम्हाला सांगायची गरज नाही. असा गळा घरात असताना तुम्ही तिघांनी चाली त्या घोगऱ्या आवाजाला पेलतील अशा बांधल्या आणि आवाजाचा खरबरीतपणा घासून काढला नाही. माझ्या मते सिनेमातली सगळ्यात मोठी कारागिरी ती आहे. सूर कसा लावायचा हे जाणणाऱ्याने दुसऱ्याच्या कच्च्या आवाजावर इतका विश्वास टाकावा, हे आम्ही तोवर पाहिलं नव्हतं.

थिएटरातून बाहेर आल्यावर माझा मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हा गाऊन राहिला तर मी काहून नाही?" त्याच आठवड्यात त्याने वायरी दुसऱ्याकडे दिल्या.

गाणी लिहिणाऱ्या जावेद अख्तर साहेबांचे, फरहानजींच्या वडिलांचे, आभार वेगळ्या कारणासाठी. तोवर आमच्याकडच्या कॉलेजांत रॉक म्हणजे इंग्रजी गाणी होती. शब्द अर्धे कळायचे, उरलेले तोंडात गुळगुळीत करून म्हटले जायचे. 'पिछले सात दिनों में'मध्ये काय आहे? लॉन्ड्रीची पावती, अर्धी वाचून ठेवलेली कादंबरी, एका मुलीचा फोन नंबर. आठवड्याभरात हरवलेल्या खिशातल्या वस्तू. त्यांची यादी करता करता माणूस स्वतःबद्दल सगळं सांगून जातो. 'सोचा है'मध्ये लहान पोराने विचारावेत तसे प्रश्न आहेत. एकही शब्द अवघड नाही. बापाने शब्द लिहायचे, मुलाने ते गायचे आणि त्याच मुलाने सिनेमाचे संवादही लिहायचे, असा हा योग आहे. म्हणूनच कदाचित गाण्यातली आणि बोलण्यातली भाषा कुठेच वेगळी पडत नाही.

ते ऐकून आम्हाला वाटलं, आपल्याही खिशात काही आहेच की. आमचं पहिलं मराठी गाणं मे महिन्याबद्दल होतं. बंद पडलेला कूलरचा पंप, वाळ्याच्या ताटीचा वास, गच्चीवर टाकलेल्या गाद्या, रात्री बारानंतरही न निवणारी भिंत. मित्राने ते आपल्या बोलीत लिहिलं, 'करून राहिलो, पाहून राहिलो' सकट. पुस्तकी मराठीत आणायचा प्रयत्न केला तर गाणं मेलं, म्हणून तसंच ठेवलं. आणि त्याखाली मी कोणता ताल धरला? मारबतीच्या मिरवणुकीतला. डफड्याचा ठेका किटमधल्या किक आणि स्नेअर या ड्रमवर वाटून घेतला, ताशाची कडकड हाय-हॅटच्या झांजांवर नेली. तेव्हा लक्षात आलं की खरबरीत आवाजाला आमच्या मातीत मान होताच. दंडार आणि खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यांत, दीक्षाभूमीच्या वाटेवर रात्रभर चालणाऱ्या भीमगीतांत गोडव्यापेक्षा जोर आणि खरेपणा मोठा असतो. स्पर्धांच्या स्टेजवर आम्ही तो विसरलो होतो. मुंबईच्या एका रॉक बँडच्या सिनेमाने आम्हाला आमच्याच दंडारीकडे परत पाठवलं, हे उपकार लहान नाहीत.

पूरब कोहलीजी, ड्रमर म्हणून तुमच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. ड्रमर सगळ्यात मागे बसतो. त्याला कायम दुसऱ्यांच्या पाठी दिसतात, आणि त्या पाठींवरून तो ओळखतो की आज कोण कोणावर चिडलं आहे. सिनेमातला तुमचा ड्रमर केडी तसाच आहे. घरच्या दागिन्यांच्या पेढीत कंटाळलेला, सारखा काहीतरी विनोद करणारा, पण चौघांत कुठे काय तुटतंय हे सर्वांत आधी त्याला दिसतं. ल्यूक केनीजींचा रॉब शांत, आजार अंगावर घेऊन कीबोर्डमागे उभा असलेला. त्याच्याकडे कोणी फार लक्ष देत नाही आणि सगळं त्याच्याचमुळे जुळतं. प्रत्येक बँडमध्ये असा एक माणूस असतो, आमच्यात तो बेस वाजवतो.

ध्वनी सांभाळणाऱ्या बेलॉन फोन्सेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एवढंच सांगतो की खोलीतली प्रॅक्टिस आणि मैदानावरचा कार्यक्रम यांचा आवाज वेगळा असतो, हे आम्हाला तुमच्यामुळे कानाने कळलं. खोलीत झांज भिंतीवर आपटून परत येते. उघड्यावर ती निघून जाते, आणि उरते ती लोकांची गर्दी. आमचा साउंडवाला अजूनही नव्या पोरांना शिकवताना तुमचा शेवटचा कार्यक्रम ऐकवतो. जेसन वेस्ट यांच्या कॅमेऱ्याबद्दल, दोन काळ एकमेकांत विणणाऱ्या दीपा भाटिया यांच्या संकलनाबद्दल आणि दिग्दर्शक अभिषेक कपूरजींसोबत पटकथा लिहिणाऱ्या पुबाली चौधरी यांच्याबद्दल जाणकारांनी लिहिलं आहेच. ५६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट म्हणून तुमची निवड झाली, अर्जुन रामपालजींना सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तेव्हा आम्ही बर्डीवर तर्री-पोहे खाऊन तो साजरा केला होता. आपल्याच घरात काही झाल्यासारखं वाटलं होतं.

अर्जुनजींनी केलेला गिटारवादक 'जो' मला अजून छळतो. हातात गिटार असलेला, पण काम नसलेला माणूस. जहाजावर वाजवायचं पक्कं काम एकीकडे आणि मित्रांचा कार्यक्रम दुसरीकडे, दोन्ही एकाच दिवशी. आणि तो निघतो जहाजाच्या कामासाठी. तो निर्णय चूक आहे असं सिनेमा म्हणत नाही. घरात पोर आहे, पैसा लागतो. ही गोष्ट कलावंतांवरच्या सिनेमांत सहसा इतक्या प्रामाणिकपणे येत नाही. तिथे घर म्हणजे कलेच्या वाटेतला दगड असतो.

आणि म्हणून शहाना गोस्वामीजी, तुमची डेबी, त्या 'जो'ची बायको. नवऱ्याच्या गिटारवर घर चालत नाही म्हणून मासळीचा धंदा सांभाळणारी, चिडणारी, जुन्या मित्रांना दारात पाहून आनंद न होणारी बाई. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी एकटा होतो आणि मला ती नुसती कडू वाटली. लग्नानंतर टीव्हीवर सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघांनी तो शेवटपर्यंत पाहिला. बायको म्हणाली, "ही बाई काही चुकीचं नाही बोलून राहिली." मग म्हणाली, "तिचंही काहीतरी सुटलं होतं न?" खरंच सुटलं होतं. त्या बँडची सगळी वेशभूषा ती करायची, आणि बँड मोडला तेव्हा तिचं ते कामही मोडलं. हे मला बायकोने दाखवलं. तुम्ही ते चेहऱ्यावर इतकं नीट धरून ठेवलं होतं की बघणाऱ्या बाईला ते लगेच सापडलं, फक्त पुरुषाला वेळ लागला.

त्या रात्री आम्ही बसून ठरवलं. रविवार माझा, पण शनिवारची संध्याकाळ घरची. कार्यक्रमाचे पैसे आधी घरात येतील, मग त्यातून झांजा आणि काड्या. शिवाय तिचं अर्धवट राहिलेलं शिवणकामाचं शिक्षण ती पूर्ण करेल आणि त्या तासांना मुलाला मी सांभाळेन. आज तिचं धरमपेठेत छोटंसं दुकान आहे. आमच्या बँडचे कुडते तीच शिवते, शिलाई पूर्ण घेते. तो सिनेमा नसता तर हे बोलणं झालं असतं का, मला खात्री नाही. बोललो असतो तरी भांडणातून बोललो असतो. समोर डेबी होती म्हणून आम्ही एकमेकांऐवजी तिच्याबद्दल बोललो, आणि त्यातून आपलं ठरलं.

फरहानजी, रितेशजी, तुम्ही पैसा लावला तेव्हा हिंदीत रॉक बँडवरचा सिनेमा चालेल असं कोण म्हणत होतं? अभिषेकजी, तुम्ही ही गोष्ट जिंकण्या-हरण्याची केली नाही, परत भेटण्याची केली. आमच्या बँडने अजून कोणती मोठी स्पर्धा जिंकलेली नाही, रेकॉर्ड कंपनीने आम्हाला बोलावलेलं नाही. तरी गणपतीच्या दिवसांत मंडळं आता आमची मराठी गाणी मागून घेतात, आणि कूलरचं गाणं सुरू झालं की पुढच्या रांगेतली पोरं शब्द आमच्याआधी म्हणतात.

एक काम राहिलं. हे पत्र लिहितो आहे असं मी मित्राला सांगितलं, तेव्हा त्याने एक निरोप मुद्दाम घालायला लावला. सिनेमाच्या शेवटी जी बारीक अक्षरांतली नावं वर सरकत जातात, त्यांत ज्यांनी केबल ओढल्या, दिवे उचलले, अ‍ॅम्प इकडून तिकडे नेले, ती माणसं असतील. त्यांना आमच्या गायकाचा खास नमस्कार. तो आजही कार्यक्रम संपला की आपल्या वायरी आपणच गुंडाळतो.

आपला,
गांधीबागेतला ड्रमर
नागपूर