वकीलबाई, 'घरीच' म्हणजे काय काय?

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आईच्या अपघाताच्या भरपाईतली, धाकट्याच्या नावावरची मुदत ठेव मोडली आणि त्याच्या डिप्लोमाची शेवटची फी भरली. बाहेर आल्यावर अण्णा बँकेच्या पायरीवरच बसले. म्हणाले, "वकीलबाईंना कळवलं का?" फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही "छान झालं, अभ्यास कर म्हणावं त्याला" एवढंच बोलून ठेवून देता, आणि मला जे सांगायचंय ते राहूनच जातं. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण कोर्टाच्या व्हरांड्यात पिशवी छातीशी धरून बसलेली आमच्यासारखी माणसं मी आजही बघते. नाव तुमचं लिहीत नाही, आमचंही नाही.

मार्च २०१३. हरभऱ्याची रास नुकतीच झाली होती. आई आणि अण्णा मोटारसायकलवर गंगाखेडचा बाजार करून येत होते. समोरून टेम्पो आला. आई जागेवरच गेली. ती सदतीस वर्षांची होती, मी चौदाची, बहीण अकराची, भाऊ आठचा. अण्णांचा पाय मोडला आणि बरा झाला.

परभणीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तीन वर्षं तारखा पडल्या. २०१६ मध्ये निकाल लागला, चार लाख आणि त्यावर व्याज. आम्हाला वाटलं, संपलं. दुसऱ्या वर्षी टपालाने जाड पाकीट आलं. विमा कंपनीने औरंगाबाद खंडपीठात फर्स्ट अपील टाकलं होतं. मी तेव्हा बारावी केली होती, घरात इंग्रजी वाचणारी मीच. अडखळत वाचलं आणि मध्येच थांबले. त्यात म्हटलं होतं की अपघातात निम्मी चूक मोटारसायकल चालवणाऱ्याची होती, म्हणून निम्मी रक्कम कमी करावी. अण्णा म्हणाले, "पुढं वाच." मी वाचलं नाही. त्यांना कळलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. मोटारसायकल तर ते आधीपासूनच चालवत नव्हते, पण त्या दिवसापासून गोठ्यात तिच्यावर पोतं टाकून ठेवलं.

गावात एकाने सांगितलं, वरच्या कोर्टात माझा माणूस आहे, मिळेल त्याचा तिसरा हिस्सा द्या. आम्ही देणारही होतो. बहिणीच्या शाळेतल्या एका बाईंनी अडवलं. त्या म्हणाल्या, मिळेल त्यातला वाटा ठरवून केस घेणं वकिलाला नियमानेच चालत नाही, आणि बाईमाणसाला आणि लेकराला तर सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. हे आम्हाला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. माझा, बहिणीचा, भावाचा आणि आजीचा अर्ज खंडपीठाच्या विधी सेवा उपसमितीकडे गेला आणि तुमचं नाव आलं.

पहाटेची मराठवाडा एक्सप्रेस, मग रिक्षाने जालना रोड. तुमच्या टेबलावर आमचं रेकॉर्ड आधीच पडलेलं होतं आणि त्यात पेन्सिलीच्या खुणा होत्या. ते बघूनच मला धीर आला, खरं सांगते. तोवर आमची फाइल कोणी पूर्ण वाचलेली मी पाहिली नव्हती.

तुम्ही अण्णांची उलटतपासणी उघडली. त्यांना विचारलं होतं, तुमची पत्नी नोकरी करत होती का? अण्णांनी उत्तर दिलं होतं, "नाही. ती घरीच असायची." त्या एका वाक्यावर खालच्या कोर्टाने आईचं उत्पन्न महिन्याला तीन हजार धरलं होतं. तुम्ही ते वाक्य मोठ्याने वाचलं, अण्णांकडे पाहिलं आणि विचारलं, "अण्णा, घरीच म्हणजे काय काय करायच्या?"

अण्णा गप्प. आजी बोलली. म्हणाली, "चारला उठायची. माझ्या आधी." मग ती थांबेचना. हापशाचं पाणी, दोन म्हशींचं शेण आणि धार, सहाच्या आत दूध संकलन केंद्रावर. भाकरी, आमचे डबे, आजीच्या पायाला तेल. नऊला आपल्या रानात, आपलं काम नसलं की दुसऱ्याच्या रानात रोजाने. खुरपण, कापसाची वेचणी, सोयाबीनची काढणी. संध्याकाळी परत धार, परत चूल. शुक्रवारी बचत गटाची वही, कारण गटात चौथी शिकलेली तीच. तुम्ही पॅडवर उतरवून घेत होता. मध्येच अण्णा रडायला लागले. म्हणाले, "मी 'घरीच' म्हणालो." तुम्ही त्यांना पाणी दिलं आणि म्हणालात, "तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हाला पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही."

मॅडम, हे वाक्य अण्णांनी आजवर किती जणांना सांगितलं असेल, मोजता येणार नाही.

मग तुम्ही रेकॉर्डमधून एक निशाणी, म्हणजे पुरावा म्हणून लावलेली वस्तू, काढून दाखवली. दूध केंद्राची वही, आईच्या नावाची, तारीख आणि लिटर लिहिलेली. पहिल्या वकिलांनी ती लावली होती, पण युक्तिवादात तिचा उल्लेखच झाला नव्हता आणि निकालातही नव्हता. चार वर्षं ती तिथेच होती.

तुम्ही समजावलंत की कंपनीच्या अपिलाला नुसता विरोध केला तर फार तर मिळालेले चार लाख टिकतील. वाढवून हवं असेल तर आपल्यालाही मागावं लागेल. त्याला क्रॉस ऑब्जेक्शन म्हणतात आणि नोटीस हातात पडल्यापासून त्याला एक महिना असतो. आम्ही तिसऱ्या महिन्यात आलो होतो. तुम्ही रागावला नाहीत, विलंब माफीचा अर्ज जोडलात. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी असं पाकीट आलं असेल तर ते फळीवर ठेवू नका, एवढं मी इथे सांगून ठेवते. दाव्याचंही तसंच. आमच्या वेळी दावा दाखल करायला मुदतीची अट नव्हती, ती १९९४ मध्ये काढली होती. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची अट परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली.

कंपनीने स्थगितीसाठी सगळी रक्कम खंडपीठात भरली होती. तुम्ही हमीपत्रावर निम्मी काढून दिलीत. त्यातून आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि माझी नर्सिंगची फी भरली गेली. अपील चालू असतानाही पैसे काढता येतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

वयाचा मुद्दा मला आजही आठवतो. मतदार यादीत आईचं वय बेचाळीस पडेल असं लिहिलं होतं आणि कंपनी तेच धरून बसली होती. तुम्ही मला सरलाच्या निकालाचा तक्ता दाखवला. सरला वर्मा खटला, २००९, सर्वोच्च न्यायालय. छत्तीस ते चाळीस वयाला वर्षाचं उत्पन्न पंधराने गुणायचं, एक्केचाळीस ते पंचेचाळीसला चौदाने. शिवाय २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या माणसाच्या पुढच्या वाढीसाठी चाळिशीच्या आत चाळीस टक्के धरतात, चाळिशी ओलांडली की पंचवीस. म्हणजे कोणीतरी घाईत लिहिलेल्या आकड्याने लेकरांच्या वाट्याचं किती जातं! तुम्ही मामाला आईच्या माहेरच्या जिल्हा परिषद शाळेत पाठवलं. जुन्या रजिस्टरचा निर्गम उतारा आला. त्यावर आईचं लग्नाआधीचं नाव होतं. ते नाव कागदावर मी पहिल्यांदा पाहिलं.

आणि घटनास्थळ पंचनामा. त्यातला हाताने काढलेला कच्चा नकाशा तुम्ही अण्णांसमोर ठेवला आणि बोट ठेवून दाखवलं: मोटारसायकल डाव्या कडेला, जवळजवळ खाली उतरलेली, आणि टेम्पोच्या चाकांच्या खुणा मधली रेघ ओलांडून आलेल्या. "हे पोलिसांनी त्याच दिवशी लिहिलंय," तुम्ही म्हणालात. अण्णांनी तो नकाशा कितीतरी वेळ पाहिला. अपघाताविषयी ते चार वर्षांत आमच्याशी बोलले नव्हते. परतीच्या गाडीत सेलूपासून परभणीपर्यंत बोलत होते.

पुढची वर्षं नुसती तारखांची. मॅटर बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, लागायचं आणि सुनावणीपर्यंत पोहोचायचं नाही. मग कोरोना. जानेवारी २०२१ मध्ये तुमचा स्वतःहून फोन आला. दिल्लीत मोटारसायकलवरून जाणाऱ्या नवराबायकोच्या अपघाताचा कीर्ती खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. तुम्ही मला न्यायमूर्ती रमणांनी दिलेले आकडे वाचून दाखवलेत: भारतात बाई घरच्या बिनपगारी कामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते आणि पुरुष ९७. घरकामाला काल्पनिक उत्पन्न धरलं तरी त्यावर पुढची वाढ द्यायची, हेही त्यात होतं. मी म्हटलं, मॅडम, आमच्या आईची २९९ मिनिटं तर शाळेची घंटा व्हायच्या आत होऊन जायची. तुम्ही म्हणालात, "हेच मांडायचंय."

आणि तुम्ही ते मांडलं. मी त्या दिवशी मागच्या बाकावर होते. तीन हजारांचा आकडा आला कुठून, हे तुम्ही सांगितलं तेव्हा मला ते पहिल्यांदा कळलं. १९८९ मध्ये जमशेदपूरच्या आगीत गेलेल्या गृहिणींसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये धरलेला तो आकडा. चोवीस वर्षांनंतरच्या मरणाला तोच लावला होता. मग तुम्ही दुधाची वही काढली. तारीख, सकाळ, संध्याकाळ, लिटर. शेवटची नोंद अपघाताच्या सकाळची. तुमचा आवाज चढला नाही, पण तुम्ही ती नोंद वाचून क्षणभर थांबलात, आणि न्यायमूर्तींनी वही मागून घेतली.

२०२२ च्या निकालाचा हिशेब मला तोंडपाठ आहे. महिना सहा हजार, त्यावर चाळीस टक्के, म्हणजे ८,४००. वर्षाचे १,००,८००. मागे पाच जण अवलंबून, म्हणून तिच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांशऐवजी एक चतुर्थांश वजा, राहिले ७५,६००. गुणिले पंधरा, ११,३४,०००. सहवास गमावल्याचे अण्णांना आणि आम्हा तिघांना प्रत्येकी ४४,०००, अंत्यविधी आणि मालमत्तेच्या हानीचे मिळून ३३,०००. एकूण १३,४३,००० आणि दावा दाखल केल्या दिवसापासूनचं व्याज. कंपनीचं अपील फेटाळलं.

ही रक्कम मोठी आहे, आमची आयुष्यं तिने उभी केली. मी आज नर्स आहे, बहीण डी. एड. झाली. पण मला तुमचे आभार मानायचेत ते निकालातल्या दोन परिच्छेदांसाठी. एकात लिहिलंय की मयत घरकाम, दुग्धव्यवसाय आणि शेतीकाम करत होती. दुसऱ्यात लिहिलंय की मोटारसायकलस्वाराचा कोणताही निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. आजीला मी दोन्ही मराठीत करून वाचून दाखवले. तिने पहिला परत वाचायला लावला. अण्णांनी दुसऱ्याची झेरॉक्स काढून पाकिटात ठेवली, अजून तिथेच आहे. घड्या पडून फाटायला आली तेव्हा मी नवी काढून दिली.

अण्णा परत मोटारसायकल चालवतात, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. हळू चालवतात, डाव्या कडेने.

यंदा हरभरा बरा आहे. रास झाली की आठवड्याभरात ते स्वतः घेऊन येतील, दहा किलो. मागच्या वेळी तुम्ही "विधी सेवेची केस आहे, काही घेता येत नाही" म्हणून दारातून परत पाठवलं होतं. आता केस संपली, शेवटची ठेवही मोडली. आता नाही म्हणू नका.

तुमची,
परभणी जिल्ह्यातली एक पक्षकार