वळणावरचं देखणं स्थानक

महोदय,

आपल्या भुयारी रेल्वेवरील लेखात न्यूयॉर्कच्या जुन्या सिटी हॉल स्थानकाचा उल्लेख हवा होता. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी तिथली पहिली भुयारी गाडी इथूनच सुटली. महापौर जॉर्ज मॅक्लेलन यांनी कौतुकाने हँडल हाती घेतलं ते सोडेचनात, थेट १०३ व्या रस्त्यापर्यंत गाडी त्यांनीच हाकली!

स्थानक म्हणजे नवी नवरीच. ग्वास्ताविनो पद्धतीच्या, म्हणजे पातळ फरशांचे थर चिकटवून उभारलेल्या कमानी, पितळी झुंबरं, छतातल्या काचांमधून उतरणारा उजेड. पण मांडणी? गाड्या उलट फिरवण्यासाठीच्या वर्तुळाकार रुळावर एकच फलाट, तोही चांगलाच वाकडा. सुरुवातीच्या डब्यांना दारं फक्त टोकांना होती, तोवर निभावलं. पुढे गाड्या लांबल्या, मधल्या दाराचे डबे आले आणि नेमकं त्या दारासमोर फलाट आणि डबा यांच्यात पाय अडकेल एवढं अंतर पडू लागलं. शिवाय जलद गाड्या थांबायच्या ते ब्रुकलिन ब्रिज स्थानक हाकेच्या अंतरावर. मग इथे चढणार कोण? ३१ डिसेंबर १९४५ रोजी स्थानक बंद झालं.

वळण मात्र आजही राबतं. सहा नंबरची लोकल ब्रुकलिन ब्रिजला उतारू सोडून याच रुळावरून परत फिरते. नव्या स्थानकांच्या भित्तिचित्रांवर आपण रकाने भरतो. फलाट सरळ आहे का, पुढेमागे लांबवता येईल का, हे कुणीच विचारत नाही.

– एक वाचक