‘ओटीपी सांगू नका’ ही सूचना आता पुरत नाही

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

पोलीस ठाणी आणि बँका कित्येक वर्षे एकच गोष्ट बजावत आल्या आहेत: ओटीपी कुणाला सांगू नका. सूचना खोटी नाही, पण एपीकेच्या (.apk, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइलच्या) फसवणुकीत ओटीपी कुणी विचारतच नाही. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ ई-चलान’ नावाची फाइल येते. कधी ती लग्नपत्रिका असते, कधी पीएम किसानची यादी. अनेकदा ती ओळखीच्याच नंबरावरून येते, कारण त्या माणसाचा फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो.

फाइल नुसती येऊन पडली तर काही बिघडत नाही, पुसून टाकावी. ती उघडली की अँड्रॉइड विचारते, इथून आलेले अज्ञात ॲप इंस्टॉल होऊ द्यायचे का? घात इथे होतो. पहिले ॲप बऱ्याचदा नुसते खोके असते आणि ‘अपडेट’च्या नावाखाली ते खरे ॲप आत घेते. मग एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली जाते, एक रुपया भरायला सांगून कार्डाचा तपशील आणि पिन काढून घेतला जातो आणि आयकॉन गायब होतो. यापुढचे ओटीपी मालकाने वाचायच्या आत परस्पर बाहेर जातात. ॲक्सेसिबिलिटीची (अपंगांच्या सोयीसाठी असलेली) परवानगी त्याहून वाईट, कारण ती मिळालेले ॲप पडदा वाचते आणि मालकाच्या वतीने बटणेही दाबते. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या ॲपला या परवानगीची आडकाठी आहे, पण ती ओलांडणारी ॲप्सही फिरतात.

१ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) आदेशाने मोबाइल कंपन्यांनी नोंदणी नसलेल्या लिंक आणि एपीके असलेले एसएमएस अडवायला सुरुवात केली. व्हॉट्सॲप त्या नियमाच्या बाहेर आहे.

म्हणून ‘ओटीपी सांगू नका’चे फलक बदला. त्यावर एवढेच लिहा: ‘.एपीके फाइल उघडू नका. शासन व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नाही.’ दुसरे वाक्य खरे ठरायचे असेल, तर कोणत्याही विभागाने आशासेविका, तलाठी किंवा शिक्षकांच्या ग्रुपवर एपीके टाकू नये असा शासन निर्णय आधी काढावा लागेल. एकीकडे सवय लावायची आणि दुसरीकडे सावध राहा म्हणायचे, हे चालणार नाही.

ॲप इंस्टॉल होऊनच गेले तर काय करायचे, हेही लोकांना कुणी नीट सांगत नाही. आधी एअरप्लेन मोड लावावा आणि वाय-फाय वेगळे बंद करावे, कारण एअरप्लेन मोडमध्येही ते चालू राहू शकते. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घालावे, म्हणजे ओटीपी तिकडे येऊ लागतात. त्याच फोनवरून बँकेला सांगून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करून घ्यावे आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवावे. बँकेकडून तक्रार क्रमांक घ्यावा, वेळ लिहून ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेला कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेने सोसायचे असते.

ॲप काढायची घाई त्यानंतर. आधी आलेल्या संदेशाचे आणि नंबराचे दुसऱ्या फोनने फोटो घ्यावेत. फोन रिसेट झाला की पुरावा जातो. ‘अनइंस्टॉल’ बटण दाबताच येत नसेल, तर ॲपने बहुधा डिव्हाइस ॲडमिनचा (फोनवर नियंत्रणाचा) अधिकार घेतलेला असतो. पॉवर मेनूतल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरले की अनेक फोन सेफ मोडमध्ये (बाहेरून घेतलेली ॲप्स बंद ठेवून) सुरू करता येतात; तिथे तो अधिकार काढून ॲप हटवावे. तरीही हटले नाही तर फॅक्टरी रिसेट करावा आणि बॅकअपमधून ॲप्स परत आणू नयेत. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावेत. कॉल फॉरवर्डिंग (आपले कॉल दुसऱ्या नंबरावर वळवणे) चालू नाही ना ते तपासावे, आणि व्हॉट्सॲपच्या ‘लिंक केलेली डिव्हाइस’ यादीत अनोळखी काही असेल तर तेही काढावे.

यातले बरेचसे ठाण्यातच करून देता येईल. प्रत्येक ठाणे अंमलदाराच्या टेबलावर एक बटणाचा फोन आणि सिम काढायची पिन ठेवा. फोन मात्र फोरजी घ्या. टूजी संचात जिओचे सिम चालत नाही.

आपले,
मोबाइल सुरक्षेत काम करणारे काही तंत्रज्ञ