ओठ शिवला, टाळू राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दात्यांच्या पैशातून गरीब घरातल्या बाळाचं ऑपरेशन झालं, आधीचा फोटो, नंतरचा फोटो, चेक देणाऱ्यांचा फोटो, अशी बातमी ठाणे-नवी मुंबईच्या पानावर अधूनमधून येते आणि वाचून बरंच वाटतं, खोटं कशाला बोलू. पण फाटलेल्या ओठाच्या बाळांचं ओठाचं ऑपरेशन झालं की सगळं झालं असं लोक धरून चालतात, पैसे देणारेही तिथेच थांबतात, त्यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी दिघ्याला राहतात. त्यांची नात जन्मली तीच ओठ फाटलेला आणि आत तोंडाच्या छताला, म्हणजे टाळूलाही फट अशी. जावई नाक्यावर उभा राहणारा, काम मिळालं तर मिळालं. बाळ झाल्या झाल्या चाळीतल्या बायकांनी निकाल लावून टाकला की पोरीने ग्रहणात विळीवर काहीतरी चिरलं असणार. आता ओठ आणि टाळू पोटात पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात, ओठ तर इतका लवकर की बाईला दिवस गेल्याचं कधीकधी नुकतंच कळलेलं असतं, विळीचा त्यात काय संबंध! साधारण ७०० बाळांत एकाला हे होतं. पण त्या पोरीने बाळंतपणात ते बोल ऐकून घेतले ते घेतलेच.

ऑपरेशनचे पैसे उभे करणं हा आता सगळ्यात अवघड भाग राहिलेला नाही. स्माईल ट्रेनसारखी संस्था २००० सालापासून भारतात हॉस्पिटलांना या ऑपरेशनसाठी पैसे देते, घरच्यांना बिल येत नाही. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला, तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, आणि त्याच्या मोफत तपासणी-उपचारांच्या यादीत फाटलेला ओठ-टाळू आहे. अडतं ते ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचताना. डॉक्टर साधारण दहाचा हिशोब बघतात, बाळ १० आठवड्यांचं हवं, वजन १० पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. आणि टाळूला फट असलेल्या बाळाला दूध नीट ओढताच येत नाही, प्यायलेलं नाकातून बाहेर येतं, मग वजन कुठून वाढणार? मावशींच्या नातीला तारीख मिळाली, वजन भरलं नाही, तारीख पुढे गेली, परत तेच.

शेवटी एका नर्सने नीट दाखवलं. बाळाला आडवं नाही धरायचं, जवळजवळ बसतं धरायचं, आईचं दूध काढून बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं, मधेमधे ढेकर काढायचा कारण या बाळांच्या पोटात हवा फार जाते. बोंडलं तर मावशींच्या घरातच होतं, माळ्यावरच्या डब्यात! मग कुठे वजन सरकायला लागलं. हे पहिल्याच दिवशी वॉर्डात सांगायला कुठल्या दात्याची गरज होती?

असो, ओठाचं झालं, छान झालं. नंतर एक कार्यक्रम झाला, आईला बाळ घेऊन फ्लेक्ससमोर उभं केलं, बाळ भुकेने रडतंय आणि पाहुणे अजून यायचेत. मला ते बिलकुल आवडलं नाही, पण ज्यांनी खर्च केला त्यांचे उपकार आहेत त्यामुळे इथेच थांबते.

खरं नडतं ते यापुढे. चेहरा नीट दिसायला लागला की घरातली मोठी माणसं म्हणतात झालं की आता, परत कशाला पोरीला हॉस्पिटलात न्यायचं. पण टाळू साधारण नऊ महिने ते दीड वर्ष या काळात शिवावी लागते, कारण तेव्हाच मूल बोलायला शिकत असतं. ती राहिली की प, ब, ट असले आवाज धड निघत नाहीत, हवा नाकातून जाते, मूल गेंगाणं बोलतं, शाळेत पोरं चिडवतात आणि मग ते तोंडच उघडेनासं होतं. मधल्या कानात पाणी साचून ऐकायला कमी येतं ते वेगळंच. टाळू शिवल्यावरही बऱ्याच मुलांना स्पीच थेरपी लागते, हिरडीलाही फट असेल तर आठ-दहा वर्षांचं झाल्यावर तिथे हाड बसवतात, मग दातांच्या तारा. म्हणजे पार दहावीपर्यंतचं काम आहे हे, आणि आपण पहिलीलाच पेढे वाटून मोकळे.

स्पीच थेरपी फुकट असली तरी दिघ्याहून पोर कडेवर घेऊन लोकलने मुंबईत जायचं, आईची धुणीभांडी बुडणार, बाप बरोबर आला तर त्याचा खाडा. मोफत म्हणजे फक्त बिल मोफत असतं हो! तारखा चुकतात त्या यानेच, आणि मग म्हणायचं या लोकांना मुलांची काळजी नाही.

म्हणून पैसे देणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच की ओठाबरोबर टाळूचा खर्चही बाजूला काढा, वर गाडीभाडं आणि बुडालेला रोज द्या, आणि तारखेच्या आधी फोन करणारं एक माणूस ठेवा. फ्लेक्स एक कमी लावा, त्यात निघेल. स्पीच थेरपिस्ट महिन्यातून एकदा दिघा, तुर्भे, कळवा, मुंब्रा इकडच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात बसवला तरी केवढ्या बायकांची पायपीट वाचेल. आणि दोन्ही महापालिकांनी असं बाळ जन्मलं की घरी सोडायच्या आधी दूध कसं पाजायचं ते आईकडून करून घ्यावं आणि बाल स्वास्थ्यच्या टीमला त्याच दिवशी कळवावं, कारण ती टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणार, तोवर वजन वाढवायचे महिने निघून गेलेले असतात. खाजगी नर्सिंग होमनाही हे बंधनकारक करा, मावशींची नात तिथेच जन्मली होती.

– एक वाचक, ऐरोली