दादा, तुम्ही फोन माझ्या भावाकडे द्यायला सांगितलात

आदरणीय दादा,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार आहे.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून अंध आहे. उबंटू या लिनक्स सिस्टिमवर ओर्का हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, लावून तो भाषांतराची कामं करतो. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएस ओरडतो, पण बॅटरी किती उरली ते त्या ओरडण्यातून कळत नाही. डोळस माणूस डिस्प्ले बघतो. भावाला हवं होतं ते एवढंच, की वीज गेल्यावर कॉम्प्युटरने मराठीत बोलून सांगावं. लिहिलेलं बोलून दाखवणाऱ्या ईस्पीक या प्रोग्रॅमला मराठी येतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, भावाने स्वतः बोलण्याची स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) चालवली की आवाज खणखणीत यायचा. वीज गेल्यावर तीच स्क्रिप्ट आपोआप चालायची, लॉगमध्ये नोंदही पडायची, आवाज मात्र शून्य.

तुमच्याआधी ज्यांना विचारलं त्यांच्याबद्दलचा राग अजून गेलेला नाही. एकाने ‘विंडोज टाका’ म्हणून विषय संपवला. दुसऱ्याने घरी येऊन रूटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, नावाने पल्सऑडिओ ही आवाजाची यंत्रणा वेगळी सुरू केली. तिने साउंड कार्ड धरून ठेवलं आणि ओर्काच मुका झाला. ज्या माणसाचा सगळा कॉम्प्युटर आवाजावर चालतो, त्याचा आवाज घालवून हे गृहस्थ ‘उद्या बघू’ म्हणत चहा पिऊन निघून गेले! आणि सगळे बोलत होते माझ्याशी. भाऊ शेजारीच बसलेला असताना ‘त्याला काय काय जमतं?’ हे मला विचारत होते.

तुम्ही पहिल्याच मिनिटाला म्हणालात, “ताई, मशीन कोण वापरतं? मग फोन त्याच्याकडे द्या.”

दादा, तुमच्या लक्षातही नसेल हे. त्याचा चेहरा मी पाहत होते. तुम्ही त्याला विचारलंत, वीज गेल्यावर नेमकं कोणतं वाक्य ऐकायला आवडेल, आणि ओर्का बोलत असताना ते मध्येच आलं तर चालेल का? आधी कुणाला हे सुचलंच नव्हतं.

मग तुम्ही त्याला कारण सांगितलंत, घाई न करता. यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम रूट म्हणून चालतो. रूटला सगळे अधिकार असतात, पण आवाजाची यंत्रणा लॉगइन केलेल्या माणसाच्या सेशनमध्ये चालते. तिच्याशी बोलायचं दार त्या माणसाच्या रनटाइम फोल्डरमध्ये, म्हणजे लॉगइन असेपर्यंतच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये, असतं, आणि आपोआप चाललेल्या स्क्रिप्टला त्या फोल्डरचा पत्ताच माहीत नसतो. म्हणून रूटला जबरदस्तीने बोलायला लावायचं नाही. स्क्रिप्टमधली बोलण्याची ओळ तेवढी भावाच्या नावाने चालवायची आणि त्याच्या फोल्डरचा पत्ता तिच्यासोबत द्यायचा. पूर्वी प्रोग्रॅम अल्सा या लिनक्सच्या मूळ आवाज-यंत्रणेतून थेट कार्डाशी बोलायचे, म्हणून जुने उपाय तेव्हा चालत, हेही तुम्ही सांगितलंत. उबंटूने २०२२ मध्ये, २२.१० पासून, पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर ही नवी यंत्रणा आणली तरी ते जुनं दार तिथेच ठेवलंय, त्यामुळे अपग्रेडनंतरही हे बिघडायला नको, असा धीर दिलात.

बदल एका ओळीचा होता. ती ओळ तुम्ही मला पाठवून मोकळे झाला असतात तरी काम झालंच असतं. तुम्ही ती त्याच्याकडून टाइप करवून घेतलीत, ओर्का अक्षर न् अक्षर वाचत असताना थांबलात, आणि मग यूपीएसचा प्लग काढायला सांगितलंत.

“वीज गेली आहे. काम सेव्ह कर.”

तो मोठ्याने हसला. मला रडू आलं.

ओळखपाळख नसताना, एक पैसा न घेता, समोरच्याला समजेपर्यंत थांबणारी माणसं लिनक्सच्या जगात अजून आहेत. त्यांच्यामुळे माझ्या भावासारख्यांची पोटापाण्याची कामं चालतात. हे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं होतं.

वीज परत आल्याचं सांगणारी स्क्रिप्ट त्याने परवा एकट्याने लिहिली. बॅटरी किती टक्के उरली तेही आता त्याला बोलून घ्यायचंय, आणि तिथे थोडं अडलंय. रविवारी दुपारी तो तुम्हाला फोन करेल. चालेल ना?

तुमची कृतज्ञ,
त्याची ताई